हळदीच्या पट्ट्या आणि ‘येस’चे बटण

सांगलीच्या वसंतदादा मार्केट यार्डातील एका हळदीच्या अडत दुकानाचा हिशेब मी सांभाळते. नव्या हळदीची आवक जानेवारी-फेब्रुवारीपासून वाढू लागते आणि पुढे उन्हाळाभर सौदे चालतात. सौदा मिटून तोल झाला की शेतकऱ्याला त्याच दिवशी पट्टी मिळाली पाहिजे, अशी आमच्या दुकानाची रीत आहे. पोती किती, राजापुरी हळकुंडाचे वजन किती, गड्डा किती, दर काय निघाला, हमाली आणि तोलाई वजा जाऊन हातात किती पडणार, हे सगळे त्या एका कागदावर असते, आणि तो कागद खिशात घातल्याशिवाय गावाकडच्या गाडीत बसायला कोणी तयार नसतो.

पट्ट्या तयार करण्याचे आमचे सॉफ्टवेअर जुने आहे. ते विंडोजवर चालते, हिशेब चोख करते आणि मालकांचा त्यावर विश्वास आहे. अडचण एवढीच, की प्रत्येक पट्टीच्या शेवटी ते एकामागून एक तीन पॉपअप उघडते: नोंद सेव्ह करायची का, छपाई करायची का, आणि दुसरी प्रत काढायची का. तिन्हींचे उत्तर आमच्याकडे नेहमी ‘येस’ असते. भर हंगामात दिवसाला दीडशेच्या आसपास पट्ट्या निघतात, म्हणजे साडेचारशे वेळा हात आकड्यांच्या कळांवरून उचलून माऊसकडे न्यायचा, लहानसे बटण शोधायचे, दाबायचे आणि पुन्हा आकड्यांवर यायचे. आमचे दिवाणजी पासष्टीच्या पुढचे आहेत. एका संध्याकाळी मनगट चोळत ते म्हणाले, “ताई, हिशेबाला वेळ लागत नाही, त्याला हो म्हणण्यातच दिवस सरतो.” त्या वाक्याने, हे तिन्ही ‘येस’ एकाच कळीने दाबले जावेत, या कामाला मी लागले.

ऑटोहॉटकी हे विंडोजसाठीचे मोफत आणि मुक्त स्रोत साधन आहे. क्रिस मॅलेट यांनी ते २००३ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्याची दुसरी आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये आली. साध्या नोटपॅडमध्ये काही ओळी लिहून ती फाइल एएचके या विस्ताराने सेव्ह केली, की एखाद्या कळीला आपण ठरवलेले काम नेमून देता येते. त्या फाइलला स्क्रिप्ट आणि अशा कळीला हॉटकी म्हणतात. नव्याने शिकणाऱ्याने एक गोष्ट आधीच लक्षात ठेवावी: इंटरनेटवर सापडणारी बरीच उदाहरणे पहिल्या आवृत्तीच्या पद्धतीने लिहिलेली आहेत, आणि ती दुसऱ्या आवृत्तीत जशीच्या तशी चालत नाहीत. माझे पहिले दोन दिवस त्यातच गेले. पुढे मी ज्या आज्ञांची नावे देवनागरीत लिहिली आहेत, ती स्क्रिप्टमध्ये अर्थातच रोमन लिपीतच टाइप करावी लागतात.

माझी पहिली स्क्रिप्ट पडद्यावरच्या ठरावीक जागी क्लिक करणारी होती. डावीकडून इतके बिंदू, वरून इतके बिंदू, तेथे माऊस नेऊन दाबायचे. आठवडाभर ती नीट चालली. मग दुकानात नवा मॉनिटर आला, अक्षरे मोठी दिसावीत म्हणून पडद्याचे प्रमाण १२५ टक्के केले, आणि सगळी बटणे जागेवरून सरकली. जागा मोजून दाबण्याची पद्धत तेव्हाच सोडायला हवी होती, हे मला कळले. पण मी तिच्याऐवजी जे निवडले ते त्याहून वाईट होते.

विंडोजच्या नेहमीच्या पॉपअपमध्ये एक बटण आधीच निवडलेले असते आणि एंटर दाबल्यावर तेच दाबले जाते. तेव्हा एका हॉटकीने थोड्या थोड्या अंतराने तीन वेळा एंटर पाठवले की काम झाले, असा मी हिशेब केला. त्यात वेग होता, आणि दिवाणजी खूश झाले. चौथ्या दिवशी दुपारी वाळवा तालुक्यातून आलेल्या एका शेतकऱ्याची पट्टी करताना पट्टीचा क्रमांक चुकून आदल्याच पट्टीचा टाकला गेला. सॉफ्टवेअरने आपले काम बरोबर केले होते: हा क्रमांक आधीच आहे, जुनी नोंद पुसून नवी ठेवायची का, असे त्याने विचारले होते. आमच्या एंटरने त्याला ‘येस’ म्हटले. तो पॉपअप कोणाच्या डोळ्यांना दिसलाही नाही. आधीच्या शेतकऱ्याची बत्तीस पोत्यांची नोंद पुसली गेली आणि हे कळले तेव्हा तो गृहस्थ पैसे घेण्यासाठी खिडकीपाशी उभा होता. काट्यावरच्या चिठ्ठ्या जपून ठेवलेल्या होत्या म्हणून संध्याकाळपर्यंत पट्टी पुन्हा उभी करता आली. तोवर तो माणूस दुकानाच्या पायरीवर बसून होता, त्याने एक शब्दही वावगा काढला नाही, आणि त्याची शेवटची एसटी गेली. ती चूक माझी होती. त्या रात्री मी स्क्रिप्ट पुसून टाकली आणि नव्याने विचार केला.

पॉपअप हा प्रश्न असतो. मी प्रश्न न वाचता उत्तर देणारे यंत्र बनवले होते. मग यंत्राला आधी प्रश्न वाचायला लावता येईल का, हे शोधायला हवे होते, आणि ऑटोहॉटकीत त्याची चांगली सोय आहे.

ऑटोहॉटकीबरोबर विंडो स्पाय नावाचे एक छोटे साधन येते. ते उघडून माऊस कोणत्याही खिडकीवर नेला की त्या खिडकीचे शीर्षक, तिचा वर्ग म्हणजे प्रकार, ती कोणत्या प्रोग्रामची आहे, तिच्यातला मजकूर आणि प्रत्येक बटणाचे अंतर्गत नाव दिसते. विंडोजच्या नेहमीच्या संदेश-खिडक्यांचा वर्ग ३२७७० या आकड्याने ओळखला जातो, त्यांतील बटणांना बटन१, बटन२ अशी नावे असतात, आणि ज्या अक्षराखाली रेघ असते त्या अक्षराच्या आधी बटणाच्या मजकुरात अँपरसँडचे (&) चिन्ह असते. या माहितीच्या आधारे कंट्रोलक्लिक ही आज्ञा त्या विशिष्ट बटणालाच क्लिक पोहोचवते. माऊस जागचा हलत नाही, खिडकी पडद्यावर कोठेही असली तरी फरक पडत नाही, आणि मॉनिटर बदलला तरी काही बिघडत नाही.

आमच्या सॉफ्टवेअरच्या सगळ्या पॉपअपचे शीर्षक आणि वर्ग मात्र एकच होता. वेगळा होता तो आतला मजकूर. विनगेटटेक्स्ट या आज्ञेने तो वाचता येतो, आणि ‘येस’ दाबण्यापूर्वी तो आपल्या यादीत आहे का हे तपासता येते. यादी करायची तर आधी सगळे संदेश जमवायला हवेत. त्यासाठी फार थोड्यांना माहीत असलेली एक सोय उपयोगी पडली: विंडोजची नेहमीची संदेश-खिडकी समोर असताना कंट्रोल आणि सी दाबले की तिचे शीर्षक, मजकूर आणि बटणांची नावे कॉपी होतात. आठ दिवस आम्ही कोणतीही स्क्रिप्ट न वापरता काम केले आणि जो नवा पॉपअप येईल तो नोंदवत गेलो. दिवाणजींनी त्यासाठी एक लाल बांधणीची वही काढली. अकरा संदेश जमले. मग आम्ही दोघांनी बसून एकेकापुढे खूण केली. सेव्ह, छपाई आणि दुसरी प्रत, या तिघांपुढे हिरवी. जुनी नोंद पुसण्याचा, आजच्यापेक्षा वेगळ्या तारखेचा, खरेदीदाराची उधारीची मर्यादा ओलांडल्याचा आणि असे बाकीचे सगळे लाल. लाल खुणेच्या संदेशाला यंत्राने हात लावायचा नाही, हे ठरले. हिरव्या तिघांचे शब्द मी स्क्रिप्टमध्ये जसेच्या तसे उतरवले, कारण ही तपासणी लहान-मोठ्या रोमन अक्षरांतला फरकही मानते.

हॉटकी म्हणून आकड्यांच्या कळांमधली अधिकच्या चिन्हाची (+) कळ निवडली. दिवाणजींचा उजवा हात तेथेच असतो. ही कळ इतर कामांत नेहमीसारखी चालावी म्हणून, हॉटकी कोणत्या खिडकीत चालेल हे सांगणारी हॉटइफ ही अट घालावी लागते. तेथे मी आधी मुख्य खिडकीचे शीर्षक दिले आणि हॉटकी चालेना. पॉपअप उघडला की पुढे असलेली खिडकी पॉपअपची असते, मुख्य खिडकीची नसते, हे लक्षात यायला वेळ लागला. शीर्षकाऐवजी प्रोग्रामच्या फाइलचे नाव दिल्यावर दोन्ही खिडक्या अटीत बसल्या.

सगळ्यांत जास्त त्रास झाला तो दोन पॉपअपमधल्या क्षणाचा. पहिल्यावर ‘येस’ दाबले की तो बंद व्हायला क्षणभर लागतो. स्क्रिप्ट तेवढ्यात पुढच्या पॉपअपची वाट पाहू लागते, तिला तेच शीर्षक आणि तोच वर्ग असलेली जुनी खिडकीच पुन्हा सापडते, आणि ती मिटत असलेल्या खिडकीवर दुसऱ्यांदा दाबायला जाते. कधी हे चालून जाई, कधी दुसरा पॉपअप उत्तराविना राही. मध्ये अर्धा सेकंद थांबा, हा उपाय बरेच जण सुचवतात. पण गर्दीच्या वेळी आमचा संगणक मंद होतो आणि अर्धा सेकंद पुरत नाही. खरा उपाय असा, की प्रत्येक खिडकीला विंडोज जो स्वतंत्र क्रमांक देते तो आधी घेऊन ठेवायचा, बटण दाबल्यावर विनवेटक्लोज या आज्ञेने ती क्रमांकाची खिडकी खरोखर बंद होईपर्यंत थांबायचे, आणि मगच विनवेट या आज्ञेने पुढच्या मजकुराची वाट पाहायची. या दोन्ही ठिकाणी मी तीन सेकंदांची मुदत घातली आहे. मुदतीत अपेक्षित खिडकी आली नाही, किंवा भलताच मजकूर आला, तर स्क्रिप्ट बीप वाजवते आणि जागच्या जागी थांबते.

अनेकांनी मला सुचवले की हॉटकीचीही गरज नाही; सेटटायमर वापरून दर पाव सेकंदाला पॉपअप आला आहे का ते पाहावे आणि आला की दाबून टाकावा. तांत्रिकदृष्ट्या ते सोपे आहे, आणि रात्री एकट्याच चालणाऱ्या एखाद्या कामासाठी ते योग्यही असेल. पैशांच्या कागदावर मी ते कधीही करणार नाही. पट्टीवरचे वजन आणि दर एकदा पाहून दिवाणजींनी अधिकची कळ दाबली, म्हणजे ती पट्टी त्यांनी मान्य केली. ती एक दाब माणसाचीच असली पाहिजे, पुढच्या तीन यंत्राने दाबाव्यात.

थोड्या गोष्टी येथेच सांगून टाकते. जे सॉफ्टवेअर प्रशासकाच्या अधिकाराने चालते, त्याच्या खिडक्यांना साध्या अधिकाराने चालणारी स्क्रिप्ट हात लावू शकत नाही. आमच्याकडे नेमके तेच होते, म्हणून स्क्रिप्टही त्याच अधिकाराने चालवावी लागली. विंडोज अंधारलेल्या पडद्यावर जी परवानगी मागते, ती मात्र स्क्रिप्टच्या आवाक्याबाहेर असते, आणि ते बरोबरच आहे. काही प्रोग्राम स्वतःची बटणे स्वतःच रेखाटतात. विंडो स्पायला ती वेगळी दिसत नाहीत आणि कंट्रोलक्लिक तेथे चालत नाही. अशा वेळी आल्ट आणि रेघ असलेले अक्षर, किंवा टॅब आणि स्पेस, असा कळफलकाचा मार्ग धरावा लागतो, किंवा खिडकीतले घटक वाचण्याची आणि दाबण्याची विंडोजची दुसरी सोय, म्हणजे यूआय ऑटोमेशन, तिच्याकडे वळावे लागते. स्क्रिप्टची स्वतंत्र एक्झी, म्हणजे थेट चालणारी फाइल बनवली तर काही अँटिव्हायरस तिला विनाकारण धोकादायक ठरवतात, म्हणून मी ती मूळ स्वरूपातच चालवते. एस्केप दाबल्यावर सगळे थांबेल अशी एक ओळ मी पहिल्याच दिवशी घातली आणि ती दुकानातल्या प्रत्येकाला दाखवली.

दाबलेल्या प्रत्येक बटणाची नोंदही स्क्रिप्ट ठेवते. फाइलअपेंड या आज्ञेने वेळ, पॉपअपचा मजकूर आणि दाबलेले बटण अशी एक ओळ रोजच्या फाइलला जोडली जाते. संध्याकाळी दिवाणजी पट्ट्यांची संख्या आणि सेव्हच्या ओळींची संख्या जुळवतात. त्यांना हे कोणी सांगितले नव्हते. रोजमेळ आणि रोकड जुळवल्याशिवाय घरी न जाण्याची त्यांची चाळीस वर्षांची सवय आहे, आणि त्या फाइललाही त्यांनी तीच शिस्त लावली.

हा दुसरा हंगाम चालू आहे. गेल्या मंगळवारी भर दुपारी बीप वाजला. पडद्यावर पूर्वी कधी न आलेला संदेश होता: डिस्कवर जागा कमी आहे, तरीही पुढे जायचे का. एंटरच्या दिवसांत तो कोणाला दिसलाही नसता. दिवाणजींनी मला हाक मारली, आम्ही ‘नो’ दाबले, जुन्या बॅकअपच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर हलवल्या आणि वीस मिनिटांत पट्ट्या पुन्हा सुरू झाल्या. मग त्यांनी लाल वही उघडली, बारावा क्रमांक घालून तो संदेश इंग्रजीत, एकेक अक्षर पडद्यावर पाहून उतरवला आणि त्याच्यापुढे लाल खूण केली.