कसारा घाट उतरलेला लायनर

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत भाड्याच्या अर्ध्या शेडमध्ये आम्ही गाड्यांच्या ब्रेक शूला लायनर, म्हणजे घासून चाक थांबवणारा थर, बसवायला लागलो, तेव्हा जवळ एक प्रेस, एक रिव्हेटिंग मशीन आणि भागीदाराने भंगारातून उचलून बेअरिंगं बदललेला ग्राइंडर होता. तो ग्राइंडर आजही चालतो. त्यावर घासून शूची गोलाई ड्रमशी, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्याशी, जुळली नाही, तर लायनरचं मिश्रण कितीही भारी असो, काम वाया. ड्रमला आतून खडू फासायचा आणि शू दाबून फिरवायचा. खडू मध्यभागी उमटला पाहिजे. टोकांना उमटला, तर चाक धरणार आणि ओरडणार. ही खूण भागीदाराची.

पुढची बरीच वर्षं ठीक गेली. मग लायनर भाजायच्या भट्टीचा थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, बिघडला. डायलवर 180 अंश, आत कितीतरी कमी. मिश्रण धरून ठेवणारं रेझीन कच्चं राहिलं. घाटात तापल्यावर लायनर काचेसारखा चकाकायचा, पेडल दाबलं तरी गाडी धरेना. चूक आमची होती. सगळा लॉट बदलून दिला. पण ज्या डीलरला आम्ही त्याच्या पडत्या काळात उधारीवर माल दिला, त्याने आमची बाकी बुडवली आणि ग्राइंडिंग न केलेला स्वस्त शू काउंटरवर मांडला. येईल त्याला सांगायचा, ‘त्यांचा लायनर काच होतो.’ हे मी विसरलेलो नाही. दोन महिन्यांचे पगार बायकोच्या बांगड्या गहाण ठेवून झाले.

तेव्हा पिंपळगाव बसवंतचे एक ट्रान्सपोर्टवाले नाना शेडवर आले. ‘नव्या लॉटचे शू बसव, आणि गाडीत तूच बस.’ कांद्याने भरलेला ट्रक इगतपुरी सोडून कसारा घाटाला लागला. ड्रायव्हरचा पाय आणि जळका वास, माझं लक्ष एवढ्यावरच. गाडी धरत होती. परत आल्यावर ड्रम खोलला. लायनर निस्तेज, कुठेही चकाकी नाही. नानांनी त्याच दिवशी बाकीच्या गाड्या पाठवल्या.

गॅरेजवाल्यांनो, ड्रम टर्न केला, म्हणजे लेथवर आतून कापून साफ केला असेल तर जुन्या मापाचा शू बसवू नका, ओव्हरसाइझ, म्हणजे जाड लायनर घ्या. एका चाकाचे शू बदलले की त्याच एक्सलच्या दुसऱ्या चाकाचेही बदला. भुकटी हवा मारून उडवू नका. जुन्या लायनरमध्ये फुप्फुसांना घातक ॲस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसा.

भट्टीला आता दोन थर्मोकपल आहेत. दोन्हींचे आकडे रोज सकाळी मी स्वतः वहीत लिहितो. पहिली वही नानांनीच आणून दिली होती.