हरलेल्या सामन्याचा सोमवार

२७ जानेवारी २०२५, सोमवार, सकाळ

अमेरिकन फुटबॉल. कॅन्सस सिटी ३२, बफेलो २९. आत्ता सव्वाआठच्या सुमाराला संपलं. बफेलो जिंकले असते तर दोन आठवड्यांनी सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, खेळले असते. गेल्या पाच हंगामांत बफेलो बिल्स पाच वेळा बाद फेरीतून हात हलवत परतले, आणि त्यातले चार पराभव याच कॅन्सस सिटी चीफ्सकडून. जॉश ॲलनसारखा क्वार्टरबॅक, म्हणजे प्रत्येक चाल चालवणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू, आमच्याकडे आहे आणि जानेवारी आला की समोर त्यांचा पॅट्रिक महोम्स उभा.

नऊला निघायचं आहे. आई डबा भरते आहे, बाबा फिरून आलेत आणि गॅलरीत चहा घेत बसलेत. आमच्या इमारतीत, खालच्या रस्त्यावर, ऑफिसच्या बसमध्ये कोणालाच आज सकाळी काही झालंय याचा पत्ता नाही. घशाशी काहीतरी अडकलंय आणि ते तसंच घेऊन मीटिंगला बसायचं आहे. म्हणून हे आधी लिहून काढते.

चौथ्या सत्राच्या सुरुवातीची ती एक चाल डोक्यातून जात नाही. तेव्हा आम्ही २२-२१ असे पुढे होतो. या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकायचं असतं. चौथा प्रयत्न होता, जेमतेम एक यार्ड बाकी, चेंडू चीफ्सच्या ४१ यार्डांच्या रेषेपाशी. ॲलनने चेंडू पोटाशी धरला आणि माणसांच्या ढिगात घुसला. कबड्डीत चढाई करणाऱ्याचं बोट मध्यरेषेला लागलं की नाही यावरून जसा गलका होतो तसाच हा प्रसंग, फक्त इथे ती रेषा मैदानावर आखलेली नसते. दोन बाजूंनी धावत आलेल्या दोन पंचांनी दोन वेगळ्या जागा दाखवल्या. मागची जागा धरली गेली. रिप्ले पाहूनही निकाल बदलला नाही. चेंडू चीफ्सकडे गेला आणि थोड्याच वेळात महोम्स स्वतः चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपार पळत टचडाउन करून आला.

त्यानंतरही बिल्सनी २९-२९ अशी बरोबरी केली, हे विसरता कामा नये. मग चीफ्सच्या हॅरिसन बटकरचा फील्ड गोल, लाथेने खांबांमधून मारलेला, तीन गुणांचा. मग आमचा शेवटचा चौथा प्रयत्न, पाच यार्ड हवे होते. चीफ्सनी भराभर माणसं अंगावर सोडली, ॲलनने मागे रेटला जाता जाता चेंडू उंच फेकला, आमच्या डॉल्टन किंकेडच्या हातांपर्यंत तो आला आणि निसटला.

मी टीव्ही बंद केला नाही. चीफ्सवर कागदी कपटे उडेपर्यंत पाहत राहिले. तेवढं पाहणं हाही चाहत्याच्या कामाचा भाग आहे असं मी मानते.

पहाटे पाचचा सामना मला खरं तर आवडतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रविवारी दुपारी एकला सुरू होणारे सामने आपल्याकडे रात्री साडेदहाला येतात, पण फक्त नोव्हेंबरपर्यंत. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिका घड्याळ एक तास मागे घेते आणि आपलं घड्याळ आहे तिथेच राहतं, मग तेच सामने साडेअकराला. दुपारच्या दुसऱ्या खेपेचे सामने हिवाळ्यात रात्री तीनच्या आगेमागे. ते कामाच्या माणसाला अवघड. बाद फेरीतले संध्याकाळचे सामने मात्र पहाटे पाचला, सुपर बोलही पाचलाच. घर झोपलेलं असतं, आवाज बारीक ठेवायचा, चहा करायचा.

सबंध सामना चाळीस मिनिटांत दाखवणारी कापलेली आवृत्तीही मिळते. दोन चालींमधला सगळा वेळ काढून टाकलेला असतो. ती मला कधीच पाहवत नाही. २०१० साली वॉल स्ट्रीट जर्नलने सामने घड्याळ लावून मोजले होते. तीन तासांहून जास्त चालणाऱ्या प्रक्षेपणात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो सुमारे ११ मिनिटं. उरलेला वेळ खेळाडू घोळका करतात, पंच मोजमाप करतात, जाहिराती लागतात. लोक हा आकडा खेळाला नावं ठेवायला वापरतात. मला तो उलटा दिसतो. इतकी मोकळी जागा मुद्दाम ठेवावी तशी या खेळात आहे, आणि ती बोलण्यासाठी आहे. शेवटच्या चालीचं काय झालं आणि पुढची काय असेल, हे दोघांनी मिळून ठरवायचं. एकटीने पाहताना ११ मिनिटं सामना असतो आणि बाकीचा वेळ मी गप्प असते.

मी हा खेळ त्या मोकळ्या जागांमध्येच शिकले. बफेलोला विद्यापीठात होते तेव्हा मेन स्ट्रीटच्या जवळ एका वयस्कर बाईंच्या घरी वरची खोली भाड्याने घेतली होती. पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी रविवारी खाली बोलावलं, हातात लोगनबेरीच्या सरबताचा ग्लास दिला आणि प्रत्येक चालीनंतर विचारायच्या, काय दिसलं? चेंडू कुठे गेला हे मी सांगायचे. त्या म्हणायच्या, चेंडू सगळ्यांनाच दिसतो, पुढची पाच माणसं कुठे गेली ते बघ. त्या काळी आणखी एक नियम होता: स्टेडियमची तिकिटं तीन दिवस आधी संपली नाहीत तर त्या भागातल्या टीव्हीवर सामना दाखवत नसत. मग आम्ही रेडिओ लावायचो, जॉन मर्फीचा आवाज. २०१५ मध्ये तो नियम स्थगित झाला. एरी सरोवराच्या काठच्या गावात राहून जे दिसलं नसतं ते आज पुण्यात बसून दिसतं, याचं मला अजून नवल वाटतं.

बाहेर बर्फ, आणि टीव्हीवर हरणारा संघ. तेव्हा बिल्स हरायचेच. १९९९ नंतर बाद फेरी नाही, अशी सतरा वर्षं गेली. पण सोमवारी दुकानाच्या रांगेत, बसमध्ये, प्रयोगशाळेच्या दारात उभ्या असलेल्या शिपायाशीही त्याबद्दल बोलता यायचं. अनोळखी माणूस निरोप घेताना ‘गो बिल्स’ म्हणायचा. हरण्याला तिथे घर होतं.

घरमालकीणबाईंनीच १९९१ ची गोष्ट सांगितली. टँपा इथे सुपर बोल, आठ सेकंद बाकी, न्यूयॉर्क जायंट्स २०, बिल्स १९. स्कॉट नॉरवूडने ४७ यार्डांवरून लाथ मारली आणि चेंडू उजवीकडून बाहेर गेला. सामना गेला. दुसऱ्या दिवशी संघ बफेलोला परतला तेव्हा नायगारा स्क्वेअरमध्ये हजारो लोक जमले होते आणि ते ओरडत होते, ‘आम्हाला स्कॉट हवा!’ नॉरवूडला पुढे यावं लागलं, तो बोलताना गहिवरला. घरमालकीणबाई त्या गर्दीत होत्या. त्यानंतर सलग तीन सुपर बोल हरूनही हे गाव मोडलं नाही ते का, हे मला त्या एका दुपारीतून समजलं.

जिंकलेला सामना एकटीने साजरा करता येतो. १ जानेवारी २०१८ च्या सकाळी मी तो केलाही. बिल्सनी मायामीत जिंकून आपलं काम केलं होतं, पण बाद फेरीत जायला बाल्टिमोरने हरायला हवं होतं. सिनसिनाटीचा अँडी डाल्टन, चौथा प्रयत्न, बारा यार्ड हवेत, एका मिनिटाहून कमी वेळ. त्याने टायलर बॉइडला पास दिला आणि बॉइड थेट टचडाउनला पोचला. सतरा वर्षं संपली. बफेलोच्या लोकांनी डाल्टनच्या संस्थेला सतरा-सतरा डॉलर पाठवले, बघता बघता ते काही लाखांवर गेले. मी इथे उशीत तोंड खुपसून किंचाळले, आईला उठवलं, गोड शिरा करायला लावला. आईला काही कळलं नाही तरी तिने केला. आनंदाचं असं आहे, कारण न विचारता लोक त्यात येतात.

दुःखात कारण सांगावं लागतं. २०२२ च्या जानेवारीत तेरा सेकंद उरलेले असताना आम्ही पुढे होतो. तेवढ्यात महोम्सने दोन पास टाकले, बटकरने बरोबरी साधली, जादा वेळेत नाणेफेक चीफ्सनी जिंकली आणि ॲलनच्या हाती पुन्हा चेंडू आलाच नाही. ४२-३६. लीगने दोनच महिन्यांत बाद फेरीचा जादा वेळेचा नियम बदलला, दोन्ही संघांना चेंडू मिळायलाच हवा असा केला. हे सगळं त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कोणाला सांगणार? सुरुवात यार्डापासून करावी लागते. मी सांगून पाहिलं आहे. लोक चांगले असतात, ऐकतात, पण नियम समजावता समजावता दुःख बाजूला राहतं.

एकदाच तसं झालं नाही. ३ जानेवारी २०२३, मंगळवार, सकाळी साडेसात वाजायला आले होते. सिनसिनाटीत पहिल्याच सत्रात आमच्या डमार हॅमलिनने एकाला अडवलं, उठून उभा राहिला आणि मागच्या मागे कोसळला. हृदय बंद पडलं होतं. मैदानावरच छातीवर दाब देणं सुरू झालं. दोन्ही संघांचे खेळाडू त्याच्याभोवती गुडघ्यांवर बसले, धिप्पाड माणसं रडत होती. त्या वेळी बाबा खोलीत आले. पडद्याकडे पाहून त्यांनी काहीच विचारलं नाही, माझ्या शेजारी बसले. सामना थांबल्याचं जाहीर होईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून होतो. पुढचे काही दिवस बाबा रोज सकाळी आधी विचारायचे, ‘त्या पोराचं काय?’ शुद्धीवर आल्यावर त्याने डॉक्टरांना विचारलं होतं, आपण जिंकलो का? मी बाबांना ते सांगितलं तेव्हा ते बराच वेळ मान हलवत होते. हॅमलिन पुन्हा खेळायला लागला, या हंगामात तो नियमित अकरांमध्ये होता. बाबांना बाकी खेळाडूंमधलं एकही नाव येत नाही, हॅमलिन येतो.

माझा मामा न्यू जर्सीत एडिसनला असतो. भारतातली कसोटी सकाळी साडेनऊला सुरू होते तेव्हा हिवाळ्यात त्याच्याकडे आदल्या रात्रीचे अकरा वाजलेले असतात. तो जागतो, तेही एकटा नाही. शेजारचे गुजराती काका येतात, पलीकडून तमिळ जोडपं येतं, पोहे होतात. परदेशात राहून आपला खेळ पाहणाऱ्यांबद्दल कोणी हळहळलं की मला वाटतं, मामाकडे सगळं आहे. माझ्याकडे चित्र चांगलं येतं, माणसं नाहीत. मागे लष्कर भागात बिल्सची टोपी घातलेला एक मुलगा दिसला, मी रस्ता ओलांडून त्याला गाठलं आणि ‘गो बिल्स’ म्हटलं. टोपी त्याने फॅशन स्ट्रीटवर घेतली होती, त्यावरचा रेडा आवडला म्हणून. छान हसला. मी त्याला संघाबद्दल सांगितलं, त्याने ऐकून घेतलं.

नऊ वाजत आले.

त्याच दिवशी, रात्री

ऑफिसात दिवस गेला. कोणी विचारलं असतं तरी नीट सांगता आलं नसतं.

रात्री नऊला बफेलोला फोन लावला. तिकडे सोमवार सकाळचे साडेदहा. घरमालकीणबाई नुकत्याच वेगमन्समधून आल्या होत्या. म्हणाल्या, दुकानात सगळे हळू चालताहेत, पैसे घेणाऱ्या पोरीने माझ्याकडे बघितलं आणि दोघींनी नुसती मान हलवली. मी म्हटलं, चेंडू पुढे गेला होता, मी तीनदा पाहिलं. त्या म्हणाल्या, गेला असेल, पण चीफ्स सगळा सामना तीच चाल अडवत होते, मग पुन्हा तीच कशाला? चेंडू घेऊन पळणाऱ्या जेम्स कुकला द्यायचा. मी म्हटलं, एका यार्डासाठी ॲलनसारखा भरवशाचा माणूस लीगमध्ये नाही. त्या म्हणाल्या, तीच तर अडचण आहे, हे समोरच्यालाही माहीत असतं. पुढची पाच माणसं कुठे गेली ते पाहिलंस का?

पाहिलं नव्हतं. फोन चालू ठेवून मी रिप्ले लावला, तिकडे त्यांनीही लावला. त्या एका यार्डावर आम्ही जेवणाची वेळ टळून जाईपर्यंत भांडलो. घशाशी जे होतं ते कधी उतरलं कळलं नाही.

मग त्याच म्हणाल्या, सप्टेंबरपासून सामना चालू असतानाच फोन लावत जा, कानाला ठेवून बसू. साडेदहाचे सामने सहज जमतील, पहाटे पाचचेही. त्यांच्याकडे तेव्हा रविवारची संध्याकाळच असते. अडचण एकच, माझ्याकडे इंटरनेटवरून येणारं चित्र त्यांच्या टीव्हीपेक्षा जरा मागे असतं. तेव्हा टचडाउन झालं तरी माझ्याकडे दिसेपर्यंत ओरडायचं नाही, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, तेवढं वचन मला देता येणार नाही.