ईस्टरला कूचिन क्रीकला चिंबोऱ्या धरायला जाताय? आधी हे वाचा

घाईत असाल तर निकाल आधीच देतो. ईस्टरच्या लाँग वीकेंडला चिंबोऱ्यांसाठी कूचिन क्रीकला जाऊ नका. तंबू ठोकायला जा, पेलिकन बघायला जा, पण पॉट, म्हणजे खेकडे धरायचे जाळीचे पिंजरे, घरी ठेवा. अंगावरची खाज अजून उतरलेली नाही, त्यामुळे सूर कडू लागला तर सांभाळून घ्या.

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनहून ब्रूस हायवेने उत्तरेला तासाभरावर, रॉइज रोडने आत गेलं की ही खाडी लागते. पुढे ती पुमिस्टोन पॅसेजला मिळते. मुख्य भूमी आणि ब्रायबी बेट यांच्यामधला हा साधारण 35 किलोमीटर लांबीचा उथळ पट्टा. सरासरी खोली दोनेक मीटर, दोन्ही काठांना कांदळवन. रायगडात वाढलेल्या माणसाला गाडीचं दार उघडल्याबरोबर वास ओळखीचा येतो, आणि चिंबोरीही ओळखीचीच. सिला सेराटा, आपल्या खाड्यांत मिळते तीच जात.

ब्रिस्बेनमधल्या मराठी घरांत या खाडीची कीर्ती मोठी आहे. गणपतीच्या पंगतीत, क्रिकेटच्या मैदानाबाहेर, एकच कथा: ‘संध्याकाळी पॉट टाकले, सकाळी माणशी सात नर.’ पुरावा म्हणून फोटोही दाखवतात. फोटो कोणत्या वर्षीचा ते मात्र कुणी सांगत नाही.

फसवणुकीची सुरुवात खाडीच्या आधीच झाली. ट्रेलरवरची अॅल्युमिनियमची छोटी बोट, सहा हॉर्सपॉवरचं इंजिन आणि पॉट, असा सगळा संच भाड्याने घेतला. बोटीच्या भाड्याबद्दल तक्रार नाही. पॉटचं भाडं मात्र दिवसाला 15 डॉलर नगामागे! दुकानात नवाकोरा पॉट 20-25 डॉलरला मिळतो. वर आमिषाच्या नावाखाली गोठवलेली मुलेट माशाची डोकी, तीही सोन्याच्या भावाने. बोटीत माणसं दोन, मी आणि मेहुणा. तरी भाड्याने देणाऱ्या त्या भल्या गृहस्थाने डझनभर पॉट पुढे केले. ‘माणशी चार, म्हणजे आठच चालतात ना?’ म्हटलं तर म्हणाला, कोण मोजतंय. पॉटांना नावाचे टॅगही नव्हते. चार पॉट तिथेच परत केले आणि उरलेल्यांचे टॅग पार्किंगमध्ये बसून मार्करने लिहिले. भाड्याने पॉट अजिबात घेऊ नका. स्वतःचे दोन घ्या, दोन पुरतात.

‘कोण मोजतंय’ हे वाक्य मला तेव्हा उद्धट वाटलं होतं. रॅम्पवरून बोट पाण्यात घातली आणि त्याचा अर्थ कळला.

पहिल्याच वळणापलीकडे फ्लोटच फ्लोट, म्हणजे बुडालेल्या पॉटांच्या दोराला बांधलेल्या तरंगत्या खुणा. पांढरे, पिवळे, कुणाचे दुधाचे रिकामे कॅन. दोन्ही काठांना कांदळाच्या मुळांजवळ रांगा, आणि दोन फ्लोटांमध्ये बोटीची लांबीसुद्धा जेमतेम. काही तर भर प्रवाहात, जिथून सगळ्या बोटी जातात तिथेच. मेहुणा म्हणाला, “दाजी, हे अष्टमीच्या यात्रेचं पार्किंग झालंय.” मी मोजायचा प्रयत्न केला. शंभराच्या पुढे गेल्यावर सोडून दिलं आणि तेव्हा खाडीचं मुखही आलं नव्हतं.

आता यातला बराचसा भाग पूर्ण कायदेशीर आहे, आणि खरी गोम तीच आहे. ब्रिस्बेन ज्या राज्यात आहे त्या क्वीन्सलंडमध्ये हौशी माणसाला चार पॉट. भरतीच्या पाण्यात मासेमारी करायला परवाना लागत नाही, नोंदणी नाही, काही नाही. उलट व्यावसायिक खेकडेवाल्याला एका परवान्यावर 50 पॉट, आणि 2021 पासून त्याच्यावर कोट्याचंही बंधन. म्हणजे तेरा हौशी माणसं एका खाडीत उतरली की 52 पॉट झाले, एका व्यावसायिकापेक्षा जास्त, आणि ते कुठल्याच वहीत नाहीत. ईस्टरला तिथे तेरा माणसं नसतात हो, तेरा कुटुंबं एकट्या कॅम्पसाइटच्या एका कोपऱ्यात असतात. मर्यादा माणसाला आहे, खाडीला नाही. त्या दिवशी त्या पाण्यात किती पॉट आहेत, ते रॅम्पवरच्या कुणालाही सांगता येणार नाही.

हे सरकारच्या लक्षात आलेलं नाही असं नाही. 1 सप्टेंबर 2019 पासून माणशी चिंबोऱ्यांची मर्यादा 10 वरून 7 वर आणली, आणि बोटीत दोघे असोत की सहाजण, बोटीमागे 14. चांगलं केलं. पण पॉट चारचे चारच राहिले. माझं मत विचारलंत तर आकडा उलटा हवा होता: घरी सात न्या हवं तर, पण पॉट दोन टाका. रिकामी परत येणारी बोट सात काय नि दहा काय, कुठलीच मर्यादा मोडत नाही.

आम्हाला काय मिळालं? बहुतेक माद्या. क्वीन्सलंडमध्ये मादी ठेवताच येत नाही, कितीही मोठी असो. लाख, म्हणजे गाबोळी, भरलेल्या मादीच्या कालवणावर वाढलेल्या माणसाला हा नियम जिवावर येतो, पण वाद घालू नका. शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये आणि वर नॉर्दर्न टेरिटरीत मादी चालते, इथे नाही. उरलेले नर आले ते 12-13 सेंटिमीटरचे. पाठीच्या कवचाची सगळ्यात रुंद जागा 15 सेंटिमीटर भरली तरच नर तुमचा. मोठे नर एकापाठोपाठ एक उचलले जातात आणि मागे माद्या व पोरसवदा नर राहतात. पॉटमध्ये हा तक्ता अगदी स्वच्छ दिसतो. मादी कात टाकायच्या बेताला आली की नर तिला पोटाखाली धरून फिरतो आणि ती कात टाकून मऊ झाली की मीलन होतं. इतक्या मोठ्या माद्यांना असं धरून राखायला तेवढाच दणकट नर लागतो. तो आता कुणाच्या तरी एस्कीत, म्हणजे थंड पेटीत, बर्फावर असतो.

पॉट ओढून ओढून हात सोलले तेव्हा कुठे कायद्यात बसणारा एक नर हाती लागला. पोटाखालच्या कवचाला, मागच्या पायाजवळ, अंगठ्याने दाबून बघायचं; दबलं तर नुकती कात टाकलेली, आत पाणी. आमचा दबला. सोडून दिला. आजी म्हणायची, पौर्णिमेची चिंबोरी पोकळ, अमावास्येची भरलेली. इथल्या लोकांचीही चंद्रावरची आपापली शास्त्रं आहेत, त्यात पडत नाही. पण ईस्टरचा रविवार नेहमी पौर्णिमेनंतरच येतो आणि गुड फ्रायडे पौर्णिमेच्या आसपास. आजीला विचारलं असतं तर तिने निघायच्या आधीच हसून घेतलं असतं.

पौर्णिमेचा दुसरा अर्थ जास्त महत्त्वाचा आहे. उधाण. भरती भरपूर, तेवढीच खोल ओहोटी. आणि इथून पुढचं नीट वाचा, कारण या एका पट्ट्याबद्दल मला कुणीही सावध केलं नव्हतं.

खाडीच्या मुखाशी गाळाचे उंचवटे आहेत. भरतीला त्यांच्यावरून आरामात बाहेर जाता, पाणी सगळीकडे सारखंच चकाकतं. ओहोटी निम्मी झाली की परतीची वाट एका अरुंद पन्हाळीएवढी उरते. आणि त्या पन्हाळीतच लोकांचे पॉट! पाणी होतं तेव्हा दोर ताणलेले होते. पाणी उतरल्यावर तेच दोर ढिले पडून पृष्ठभागावर सापासारखे तरंगतात. हलका तरंगणारा दोर वापरणाऱ्या प्रत्येक माणसाला माझ्या मनापासूनच्या शिव्या. आमच्या इंजिनाच्या पंख्यात असा एक दोर गुंडाळला गेला. इंजिन बंद, उचललं, दोर सोडवायला लागलो. कापता येत नाही, दुसऱ्याच्या पॉटला हात लावणं हाच इथे गुन्हा आहे. सोडवेपर्यंत बोट वाऱ्याने बाजूला सरकून गाळावर बसली. ढकलायला उतरलो तर पाय मांडीपर्यंत आत. गाळात तुटके कालवांचे शिंपले, सुरीसारखे. मेहुण्याची सँडल अजून तिथेच आहे, कुणाला सापडली तर ठेवून घ्या.

मग काय, बसलो. भरती परत येईपर्यंत. आणि सूर्य कलला तशा मिजेस, म्हणजे चावणारी बारीक चिलटं, आल्या. डोळ्यांना नीट दिसतही नाहीत, डास परवडले. पुमिस्टोनच्या काठावर संध्याकाळी आणि पहाटे वारा पडला की त्या येणारच. बाह्या लांब, पँट लांब, मोजे, डोक्यावर जाळी. फवारा चालतो, पण वाऱ्याने नाही तर गाळाने धुतला जातो. अंगभर टिपके घेऊन काळोखात, मोबाईलच्या उजेडात फ्लोट चुकवत रॅम्पला लागलो.

म्हणून वेळेचं गणित: भरती पूर्ण भरण्याच्या तासभर आधी निघा, आणि ओहोटी सुरू झाल्यावर दोन तासांच्या आत खाडीच्या आत परता. पॉट राहिले तर राहिले, पुढच्या भरतीला उचला. कुणी जुना जाणकार ‘अमुक पॉइंटच्या भरतीच्या वेळेत इतकी मिनिटं मिळव’ असं सांगू लागला, विशेषतः पॅसेजच्या उत्तर टोकाबद्दल, तर विचारा की हे 2022 च्या आधीचं का. त्या वर्षी जानेवारीत समुद्राने ब्रायबीचं उत्तर टोक फोडलं, आणि तिकडच्या भरती-ओहोटीची वेळ आणि उंची दोन्ही बदलल्या.

तरीही जाणारच असाल, तर रॅम्पवर तपासणी होते हे धरून चाला. मच्छीमारी खात्याचं गस्ती पथक एस्की उघडून बघतं. प्रत्येक पॉटला आडनाव आणि पूर्ण पत्ता लिहिलेला टॅग लागतो. काठाला बांधलेला नसेल तर फिकट रंगाचा, कुठल्याही बाजूने किमान 15 सेंटिमीटरचा फ्लोट, त्यावरही आडनाव. दुधाचे कॅन बघून हुरळू नका. मोजायची पट्टी पाच-सहा डॉलरला मिळते, बोटीतच बांधून ठेवा. अंदाजपंचे धागोदरसे इथे महागात पडतं. नर-मादी पोटाच्या झडपेवरून ओळखायची, निमुळती त्रिकोणी ती नराची, रुंद गोल ती मादीची. हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही येतं, पण सोबत नागपूरकर असतील तर आधी शिकवा. चिंबोरी घरी जाईपर्यंत अख्खीच ठेवा, कवच काढून साफ करायचा उत्साह रॅम्पवर नको. सगळे नियम ‘क्वीन्सलंड फिशिंग 2.0’ या सरकारी अॅपमध्ये आहेत, नेटवर्क असतानाच उतरवून घ्या.

सहा हॉर्सपॉवरपर्यंत इंजिनाला बोटीचा परवाना लागत नाही, म्हणून अनुभव लागत नाही असं नव्हे. लाइफ जॅकेट अंगात घाला, सीटखाली नको. गाळात उतरायची वेळ येईल म्हणून जुने बंद बूट. पाण्यात चालताना पाय उचलू नका, घसटत चाला. वाळूत पाकट बसलेला असतो. मगरी इथे नाहीत, त्या बऱ्याच उत्तरेला. पॅसेजमध्ये कासवं आणि डुगाँग (समुद्री गायी) आहेत, उगाच बोट पळवू नका. आणि पॉट हरवू देऊ नका. जड पॉट, बुडणारा दोर. हरवलेला पॉट तळाशी महिनोन्महिने जीव धरत राहतो आणि आत अडकलेली चिंबोरीच पुढच्या चिंबोरीचं आमिष होते.

दुसऱ्या दिवशी ब्रायबीच्या समुद्रकिनाऱ्यावर गेलो. छान होतं.

मग जायचं केव्हा? फेब्रुवारी-मार्चमध्ये, चांगला पाऊस होऊन गेल्यावर, मंगळवार-बुधवार सुट्टी टाकून, भांगाच्या दिवसांत, जेव्हा ओहोटी फार खोल जात नाही. दोन पॉट, तासातासाने उचलायचे. रात्रभर ठेवायचे नाहीत, चोऱ्याही होतात. आणि मुखाच्या बाहेर जायचंच नाही. कॅम्पसाइटचं बुकिंग क्वीन्सलंड पार्क्सच्या संकेतस्थळावरून आधीच करावं लागतं, जागेवर मिळत नाही. पिण्याचं पाणी घरून न्या. चारच्या वर पॉट टाकणारा किंवा माद्या भरणारा कुणी दिसला तर भांडू नका, रॅम्प सामसूम असतो. फिशवॉचला, म्हणजे मच्छीमारीच्या तक्रारींच्या क्रमांकाला, फोन करा, 1800 017 116. वेळ, जागा आणि बोटीचा नोंदणी क्रमांक सांगा, स्वतःचं नाव नाही सांगितलं तरी चालतं. आणि केवळ कालवणाचीच भूक असेल तर परतीच्या वाटेवर मासळीच्या दुकानात थांबा. दोन नर घेतले तरी आमच्या पॉटच्या भाड्यापेक्षा स्वस्त पडले असते.