रोजनिशी: काचघराच्या दारात जाकिटं काढताना

रविवार, नोव्हेंबर. क्यू गार्डन्स, लंडनमधली वनस्पतिबाग.

बाहेर बोचरी थंडी, पाम हाउस या काचघराच्या आत कोकणातला जून. मध्ये फक्त एक दार. लहान मुलांना घेऊन येणाऱ्यांचे निम्मे घोटाळे या दारातच होतात. थंड काचेला आतली दमट हवा लागली की चष्म्यावर आणि फोनच्या कॅमेऱ्यावर वाफ धरते. पुसून काही होत नाही, काच कोमट होईपर्यंत ती पुन्हा धरतेच. फोन आतल्या खिशात, अंगालगत ठेवून आणला तर हा त्रास वाचतो. चष्मा लावणाऱ्या मुलाला मात्र दोन-चार मिनिटं बाजूला उभं करावं. आतली फरशी ओली असते, आणि दिसत नसताना मुलं जरा जास्तच जोरात पळतात.

कपडे बनियन, सुती टीशर्ट, वर जाकीट असे घालावेत. जाड लोकरी स्वेटर नको, तो धड काढताही येत नाही आणि आत घालवतही नाही. जाकिटं दारातच काढून बाबागाडीखालच्या टोपलीत टाकायची. दोन वर्षांचं मूल ‘गरम होतंय’ म्हणत नाही, नुसतं किरकिर करतं. मानेमागे हात लावला की कळतं. ‘शू’चा कार्यक्रम बागेच्या व्हिक्टोरिया गेटपाशीच उरकावा, पाम हाउसमध्ये सोय नाही.

इमारत १८४४ ते १८४८ या काळातली, वास्तुविशारद डेसिमस बर्टन आणि लोखंडकाम करणारे रिचर्ड टर्नर यांची. एवढं मोठं छत पेलायला जहाजबांधणीतल्या लोखंडी कमानींचं तंत्र वापरलंय. मुलांना ‘उलटं ठेवलेलं जहाज’ म्हटलं की ती आपणहून वर बघतात. वाटेतल्या लोखंडी जाळ्या ही आत ऊब देण्याची जुनी सोय: बॉयलर तळघरात, त्यांचा धूर भुयारातून लांबच्या मनोऱ्याकडे. आज या जाळ्यांचं महत्त्व एवढंच, की हातातली छोटी गाडी, नाणं किंवा चोखणी एकदा खाली गेली की गेली.

गोल जिन्याने ९ मीटर उंचीवरच्या सज्जावर जाता येतं. बाबागाडी अर्थातच नाही. गरम हवा वर साचते, म्हणून सगळ्यात जास्त घाम तिथेच फुटतो. तीन वर्षांचं मूल चढतं उत्साहाने, खाली बघितलं की अडून बसतं. चढताना मोठ्यांनी मुलाच्या मागे राहावं, उतरताना पुढे. एक मोठा आणि दोन लहान असा हिशेब असेल तर सज्जाचं नावच काढू नये.

पाट्या वाचून दाखवण्यात अर्थ नाही. खाण्यापासून सुरुवात करावी. कोकोची फळं थेट खोडाला लागतात, फणसासारखी. त्या फळातल्या बियांचं चॉकलेट होतं, हे ऐकल्यावर पाच वर्षांचं मूल तिथे बराच वेळ टिकतं. केळीला खोड नसतं, पानांचे देठ एकमेकांभोवती गुंडाळून खोडासारखे उभे राहतात. कापलेला बुंधा दिसला तर त्यातली वलयं दाखवावीत. मिरीचा वेल, सुपारी, नारळ हे आजी-आजोबांकडे सोपवावं. त्यांना इथे पाटीची गरज लागत नाही.

दक्षिण टोकाला टेकू देऊन आडवं वाढलेलं एक सायकॅड (ताडासारखं दिसणारं, प्राचीन कुळातलं झाड) आहे. क्यूसाठी झाडं गोळा करणाऱ्या फ्रान्सिस मॅसन यांनी ते दक्षिण आफ्रिकेतून आणलं, १७७५ साली क्यूत पोहोचलं, आणि आजही ते कुंडीतच आहे. वर्षाला वाढतं जेमतेम इंचभर. चार वर्षांचं मूल तेवढ्याच काळात त्या इंचाच्या दुपटीहून जास्त वाढतं. मुलाला शेजारी उभं करून बोटांनी इंच दाखवला, तर झाडाचं वय न सांगताच पोहोचतं.

दुसरं काचघर, प्रिन्सेस ऑफ वेल्स कन्झर्व्हेटरी, १९८७ चं. एका छपराखाली दहा हवामानं. दार ढकललं की कोरडं, पुढचं ढकललं की चिकचिक, हा खेळ मुलांना झाडांपेक्षा जास्त आवडतो आणि त्यात वावगं काही नाही. निवडुंगांपाशी मात्र हात धरावा. फड्या निवडुंगाच्या मोठ्या काट्यांना मुलं स्वतःच घाबरतात. त्रास देतात ते बुडाशी असलेले केसाएवढे, आकडेदार काटे. बोट चोळलं की आत रुततात, तोंडात घातलं तर जिभेत. चिमट्याने उपटावेत, उरलेले चिकटपट्टीने उचलावेत. दोन्ही वस्तू पिशवीत असाव्यात.

कीटकभक्षी झाडांपाशी ‘मिटवून दाखव ना’ हा हट्ट ठरलेला. व्हीनस फ्लायट्रॅपच्या पानावरच्या केसांना साधारण वीस सेकंदांत दोनदा धक्का बसला तरच ते मिटतं. एकदाच बसला तर नाही, म्हणजे पावसाच्या थेंबाने फसत नाही. रिकामं मिटलेलं पान उघडायला दिवसभर लागू शकतो, आणि अशा मोजक्याच मिटण्यांनंतर ते निकामी होतं. ‘माशीची वाट बघतंय, आपण त्याचं जेवण वाया घालवायचं नाही’ हे मुलांना पटतं. ‘हात लावू नकोस’ हे पटत नाही.

चाळीस मिनिटं पुरे. त्यानंतर मूल झाडं नाही, दार बघायला लागतं. त्या दारात जाकीट चढवायच्या आधी घामेजलेलं बनियन बदलायचं: ओल्या कपड्यावर जाकीट चढवलं तर बाहेर पाऊल टाकताच ते गार पडतं, आणि स्टेशनपर्यंतची वाट रडारडीत जाते.