पलंगाखालच्या विटा आणि दुसरा डबा : जळजळीचा माझा अनुभव

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघतो. सीझनला सौदे, वजनं, पट्ट्या सगळं उरकून घरी यायला साडेनऊ-दहा वाजतात, मग जेवण, आणि जेवलं की लगेच आडवं. वीस वर्षं हेच चाललं होतं, त्यामुळं त्यात काही चुकतंय असं कधी वाटलंच नाही.

मागच्या सीझनला रात्री दीड-दोनला जाग यायला लागली. छातीच्या मधोमध आग, घशाशी आंबट पाणी, आणि एका रात्री तर असा ठसका लागला की उठून बसलो, श्वासच कोंडल्यासारखा झाला. बायको घाबरली. तिनं त्याच रात्री नेऊन माझा ईसीजी काढायला लावला आणि फार बरं केलं, कारण हार्टचं दुखणं की ॲसिडिटी हे घरी बसून कुणालाच कळत नाही. छातीत दुखून घाम येत असेल, हात किंवा जबडा भरून येत असेल तर सोड्याची पुडी फोडत बसू नका, आधी दवाखाना गाठा.

ईसीजी नॉर्मल आला. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "जेवता किती वाजता आणि झोपता किती वाजता?" मी सांगितलं तर म्हणाले, अहो, अन्ननलिका जिथं जठराला मिळते तिथं झडपेसारखा स्नायू असतो, तो सैल पडला आणि त्यात तुम्ही भरल्या पोटी आडवे झालात तर ॲसिड वर येणारच. गोळी दिली, पण नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची. मी तीच गोळी पूर्वी मेडिकलमधून आणून जळजळ सुरू झाल्यावर घ्यायचो, म्हणून फरक पडत नव्हता. ती ॲसिड तयार होणं कमी करते, वर आलेलं विझवत नाही.

खरा प्रश्न जेवणाच्या वेळेचा होता. दुकान लवकर बंद होणार नाही, मग बायकोच म्हणाली, "अहो, दुसरा डबा नेत जा." तेव्हापासून साडेसातला दुकानातच जेवतो, दीड भाकरी, भाजी, थोडा भात. घरी आल्यावर काही खायचं नाही, झोपायच्या आधी तीन तास पोटात काही जायला नको. पहिले पंधरा दिवस फार जड गेले, कारण रात्री पोरांबरोबर ताटावर बसणं सुटलं, ते अजूनही खटकतं. आता ती जेवतात तेव्हा मी शेजारी नुसता बसतो.

दुसरी गोष्ट पलंगाची. मी आधी दोन उशा घेऊन झोपायचो, पण त्यानं कंबरेत वाकायला होतं आणि पोटावर उलटा दाब येतो, उचलायची असते ती पलंगाची डोक्याकडची बाजू, सहा ते आठ इंच. दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा दिल्या, पण पलंग हलायला लागला म्हणून सुताराकडून मध्ये खाच असलेले लाकडी ठोकळे करून घेतले. डाव्या कुशीवर झोपायचं. घशाशी येणं आठ-दहा दिवसांत निम्म्यावर आलं.

खाण्याचं मात्र ज्याचं त्यानं शोधावं. मी महिनाभर वहीत लिहून ठेवलं. दुपारी जेवताना थोडा खर्डा मला चालतो, संध्याकाळी कच्चा कांदा घातलेलं भडंग अजिबात नाही. उपाशीपोटी चहा बंद, दिवसाचे सात कप होते ते दोनवर आणले. रात्री थंड दूध पिऊन तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, नंतर परत आग, म्हणून तेही सोडलं. मावा सोडणं सगळ्यात अवघड गेलं, दोनदा परत सुरू झाला, तिसऱ्या वेळी सुटला. तंबाखूनं ती झडप आणखी सैल पडते. वजन ८१ वरून ७६ वर आलं, पोटावर दाब नको म्हणून पट्टाही एक भोक सैल बांधतो.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी गोळी हळूहळू कमी करून बंद केली. गिळताना अडकणं, काळी शौच, रक्ताची उलटी किंवा विनाकारण वजन उतरणं यातलं काही दिसलं तर लगेच या, दुर्बिणीनं तपासावं लागेल, असं बजावून ठेवलंय.

गेल्या महिन्यात मिरजेला भाच्याच्या लग्नात जेवायला साडेदहा झाले. थोडंच खाल्लं, घरी येऊन दीड वाजेपर्यंत खुर्चीत बसलो, मग झोपलो. रात्री जाग आली नाही.