पाऊस थांबल्यावर गळणारी इमारत

न्यूयॉर्कमध्ये सहा मजल्यांहून उंच इमारतींचे दर्शनी भाग दर पाच वर्षांनी तपासून घ्यावे लागतात. १९७९ साली वरून पडलेल्या तुकड्याने एका विद्यार्थिनीचा जीव घेतला, त्यानंतर आलेला हा कायदा. माझी रोजीरोटी त्याच्यावरच.

यावेळची इमारत १९५० च्या दशकातली, मिडटाउनमधली, सगळी काचेची. तक्रार चमत्कारिक होती. पाऊस चालू असताना कोरडी, नंतर लख्ख उन्हात गळते. व्यवस्थापकांनी अर्थातच एसीवर खापर फोडून पाइप बदलले होते.

आम्ही छतावरून झुला सोडला. पाण्याचा मारा नेहमी सर्वांत खालच्या सांध्यापासून सुरू करायचा. पाच फुटांना पाच मिनिटं, मग वर सरकायचं. वरून सुरुवात केली की ओघळ सगळीकडे जातात आणि पाणी नेमकं कुठून शिरलं ते कळतच नाही. ड्रोन उडवून रंगीत चित्रं देणाऱ्या सल्लागारांना हे कोण सांगणार! चौकटीच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती सापडेचनात. कुण्या ठेकेदाराने गळती बंद करायच्या उत्साहात तीही सीलंटने लिंपून टाकली होती. माझ्या सहकाऱ्याने सुरीने एक मोकळं केलं, तर कोऱ्या चहासारखं पाणी त्याच्या बाहीवर आलं. बराच वेळ येत राहिलं. म्हणजे चौकट आतून भरायची आणि काठोकाठ झाली की ऑफिसात सांडायची.

वरची स्टेनलेस स्टीलची पट्टी काढली. बाहेरून झगझगीत, आत साध्या पोलादाचे नुसते पापुद्रे. पोलाद गंजलं की फुगतं, चौकट वाकते, काच तडकते. पार्क अ‍ॅव्हेन्यूवरच्या लिव्हर हाउसला, लिव्हर या साबण कंपनीच्या मुख्यालयाला, हेच भोवलं. १९५२ ची ती इमारत. खिडक्या न उघडणाऱ्या, काचा बाहेरून पाळण्यात बसून कंपनीच्याच सर्फने धुवायच्या. हो, आपल्या मोरीतला तोच सर्फ. नव्वदच्या दशकाच्या मध्याला मूळ काच जेमतेम एक टक्का उरली होती. २००१ मध्ये सगळं आवरण नव्याने चढवून झालं. १९८२ पासून संरक्षित वास्तू, म्हणून तेवढे लाड झाले. त्याच रस्त्यावरची युनियन कार्बाइडची ५२ मजली इमारत (१९६०) संरक्षित नव्हती. नूतनीकरण करून पर्यावरणाचं वरच्या दर्जाचं प्रमाणपत्र मिळवलं, आणि काही वर्षांतच, २०१९ मध्ये, पाडायला घेतली.

आमची इमारतही संरक्षित नाही. 'असुरक्षित' हा शेरा मला द्यावाच लागला, आणि वरून काही पडलं तर चालणाऱ्यांना लागू नये म्हणून खाली पदपथावर ते भिकार हिरवं छप्पर उभं राहिलं. मग मालकांच्या वकिलाचा निरोप आला: अहवालात 'दुरुस्ती व्यवहार्य नाही' एवढं एक वाक्य असू द्या.

मी उघडलेल्या चौकटी सगळ्या दक्षिणेकडच्या, भोकं बुजवलेल्या. उत्तरेकडची भोकं झुल्यावरून तरी उघडी दिसली; तिथलं पोलाद शाबूत असू शकतं. त्या चौकटी उघडायची परवानगी मागितली आहे. अजून उत्तर आलेलं नाही. ते वाक्य मी घातलेलं नाही.