मोटर ओरडते, बोट हलत नाही

पावसाळ्याच्या तोंडावर सांगलीजवळच्या हरिपूरचे एक आण्णा दुकानात आले. कृष्णा-वारणेच्या संगमावर त्यांची मासेमारी. बचत गटाचं कर्ज मंजूर झालेलं आणि मागणी ठरलेली. "मिस्त्री, पंचवीस हॉर्सपॉवरची मोटर बघा. आत्ताची आठची नुसती ओरडतीया, बोट काय हलंना."

ओरडते पण हलत नाही, अशी तक्रार आली की मी हॉर्सपॉवरकडे नंतर बघतो. आधी पंखा पाण्यात नीट बसलाय का ते पाहायचं. गाडी काढून थेट घाटावर गेलो आणि बोटीच्या मागच्या फळीला टेप लावली. उंची २० इंच. मोटर मात्र शॉर्ट शाफ्टची, म्हणजे आखूड पायाची, १५ इंची फळीसाठी केलेली. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते, ती बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली यायला हवी. इथं ती चांगली पाच इंच वर! थ्रॉटल पिळला की पंखा वरून हवा ओढायचा, आवाज चढायचा, मागं नुसता फेस. अशा फळीवर पंचवीसची शॉर्ट शाफ्ट बसवली असती तरी तिनंही फेसच काढला असता.

कुणीतरी त्यांना फळीच पाच इंच कापायला सांगितलं होतं. ते ऐकून मी हातच जोडले. भरल्या बोटीत मागून पाणी शिरतं ते तिथूनच.

"बरं, लाँग शाफ्टची घेऊ. पण पंचवीसचीच. पुरात बी उपयोगी पडंल की," आण्णा म्हणाले. त्यांचं म्हणणं मला कळत होतं. २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलेलं आम्ही दोघांनी पाहिलंय. तिथं धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पण त्याच पुरात ब्रह्मनाळ गावात बोट उलटली, तेव्हा तिच्यात झेपतील त्यापेक्षा जास्त माणसं होती. तो धोका मोठ्या मोटरनं टळत नाही.

शिवाय त्यांची बोट अरुंद, जाळी आणि बर्फाची पेटी भरून जड झालेली. अशी बोट पाण्यावर उचलली जात नाही, पाणी ढकलत जाते, आणि तिचा वेग तिच्या लांबीवर अडतो. पाण्यातली लांबी सोळा फूट धरली तर ताशी दहाएक किलोमीटर. त्यापुढची ताकद लाटा उठवण्यात जाते. नाक वर, मागचा भाग खाली. त्यात पंचवीसच्या मोटरचं साठ किलोच्या आसपासचं वजन त्याच फळीवर.

९.९ हॉर्सपॉवरची लाँग शाफ्ट, फोर-स्ट्रोक मोटर लावून बघू म्हटलं. पंखे दोन नेले, दहा इंच पिचचा आणि आठचा. पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात जेवढं पुढं सरकायला बघतो ते अंतर. आण्णांना आठचा पटेना. "कमी पिच म्हंजे बोट कमीच पळणार न्हवं?"

"उसाची ट्रॉली चढावर कुठल्या गिअरमध्ये काढता, आण्णा?"

ते काही बोलले नाहीत. पण रिकाम्या बोटीवर चाचणी घ्यायची नाही, हे मी अडून धरलं. जाळी, पेटी, दोन माणसं, सगळं चढवलं आणि इंजिनाचे फेरे मोजायचा टॅकोमीटर जोडला. या मोटरला पूर्ण थ्रॉटलवर मिनिटाला पाच ते सहा हजार फेरे पाहिजेत. दहाच्या पंख्यावर काटा ४६०० च्या पुढं सरकेना. इंजिन दबून चाललेलं. अशी मोटर रोज चालवली तर पेट्रोल खाते आणि लवकर झिजते. आठचा पंखा चढवला तसा काटा ५३०० वर गेला आणि भरली बोट प्रवाहाविरुद्ध सरळ निघाली. आण्णांनी स्वतः टिलर, म्हणजे मोटर वळवायचा दांडा, धरला, पार वळणापर्यंत जाऊन आले.

परतल्यावर मी त्यांना इंजिन थंड करून मोटरमागून पडणारी पाण्याची धार दाखवली. मोटर जिथून पाणी ओढते तिथल्या जाळीत जलपर्णी अडकली की ही धार बारीक होते. त्या क्षणी मोटर बंद करायची, घाटापर्यंत जाऊ म्हणायचं नाही. बंद करायच्या बटणाची लाल दोरी मनगटाला बांधायची, हे दोनदा सांगितलं.

पंचवीसच्या हिशेबानं काढलेल्या कर्जातले पैसे उरले. आण्णा नवीन जाळं घेणार म्हणत होते. मी आधी लाइफ जॅकेटं घ्यायला लावली, बोटीत बसतील तेवढ्या माणसांची.